जितकी भोकं, तितकं हाड

हाडांच्या दवाखान्यात किस्से साचतातच. सर्दीचा पेशंट तीन दिवसांत बरा होऊन जातो. आमचा मात्र महिनोन्‌महिने पाय लांब करून बाकावर बसतो. बोलण्याशिवाय त्याला दुसरं काम काय!

त्यात आमच्या वाशिमच्या दवाखान्याचे लाडके म्हणजे फुलसिंगकाका. मानोऱ्याजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर होळीला लेंगीची गाणी गात फेर धरायचा, तर पुढचा मान त्यांचा. पण डाव्या नडगीचं हाड मोडलं, मध्ये फट राहिली आणि काही केल्या जुळेना. गेली होळी त्यांनी खाटेवरून बघितली होती. ऑपरेशनला 'हो' म्हणताना एकच प्रश्न विचारला, "औंदा होळीले नाचता येईन का?"

*

फटीत बसवायला खास तुकडा मागवला. खनिज आणि कोलॅजनचं मिश्रण, आरपार बारीक छिद्रं. त्या छिद्रांतून नवं हाड वाढत जातं आणि तुकडा हळूहळू विरघळतो.

कंपनीनं सोबत दिलेला नमुना आमच्या कंपाउंडरनं, गजूभाऊंनी, उजेडात धरला आणि ओरडलेच, "मॅडम, वापस करा! ह्याले उधईनं पोखरलं!"

*

मी काकांना समजावलं, "स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात ना? तसंच हे. हाड पक्कं झालं की याचं काम संपलं."

काकांनी मान हलवली. पुढे दर तपासणीला मात्र विचारायचे, "मंग सेंट्रिंग काढाले मिस्त्री कवा येते?"

*

ऑपरेशननंतर तीन महिन्यांत काकांचं वजन भलतंच वाढलं. मी त्यांच्या बायकोला, सोनीकाकूंना, विचारलं, "यांना खाऊ काय घालता?"

"धिरडे, अनारसे, जे जाळीदार असंन ते समदं! तुमीच म्हनलं ना बाई, जितके भोकं तितकं हाड!"

म्हटलं होतं खरं! मी आधी काकांची शुगर तपासली. मग डब्यातले अनारसेही तपासले. उत्तम होते.

*

पाचव्या महिन्यातही एक्स-रेत फट दिसली. काकांनी त्या दिवशी मिस्त्रीची चौकशी केली नाही. मला फार वाईट वाटलं.

*

होळीच्या चार दिवस आधी पुन्हा एक्स-रे काढला. फट भरलेली! मी आनंदानं कुबड्याच काढून घेतल्या. "उठा काका, चाला!"

काका खुर्चीला चिकटून. "नाई जी. मोडलं तं?"

"नाही मोडत. नाचलात तरी नाही!"

"मंग तुमीच नाचून दाखवा."

माझा पाय कधी मोडलाच नव्हता, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. दार सताड उघडं, बाहेर बाकावर दहा पेशंट, आणि गजूभाऊंनी तर टेबलावर ठेकाच धरला! मी ओढणी खोचली आणि नाचले.

दोन गिरक्या झाल्या. काकांना काही ते बघवेना.

"अवो बाई, काय करून राह्यल्या! असा नाई, पाय असा पडते!"

आणि काकांनी उठून डावा पाय दाणकन टाकून दाखवला.