कुणाचीच नसलेली भाषा

गेल्या मार्गशीर्षात, एका रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, कुडपणच्या पठारावर चरणाऱ्या सात म्हशी एका व्हिडिओ गेमचे गाणे ऐकून घरी परतल्या. हे मी स्वतः पाहिले. गाणे बिरवाडीतल्या माझ्या शेजाऱ्याचे होते. कुणालाही कळणार नाही असे बोलण्यात त्याचा हात धरणारा माणूस महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत नाही.

पन्नाशीचा हा गृहस्थ कारखान्यात बॉयलर सांभाळतो. आई आणि बायको कुडपणला असतात. त्याची भाची पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत संगीताचे काम पाहते. गेममधल्या काल्पनिक लोकांची गाणीही काल्पनिक भाषेत लागतात, म्हणजे खेळणारा कुठल्याही देशाचा असला तरी शब्दाला अडत नाही. मामाला निरर्थक गुणगुणायची सवय आहे, हे भाचीला ठाऊक होते. तिने काम दिले आणि अट घातली: एकही शब्द कुठल्याच भाषेतला नसावा.

ही अट त्याने ज्या गांभीर्याने घेतली, त्या गांभीर्याने आमच्याकडे कुणी मुलीचे स्थळही पाहत नाही. आमच्या चाळीत नऊ खोल्यांत सहा भाषा नांदतात. शिफ्ट संपली की तो वही घेऊन दारोदार फिरे. एकेक शब्द म्हणून दाखवी आणि विचारी, "काय समाजला काय?" समोरच्याने नकारार्थी मान हलवली की शब्द पास. एकदा ओडिशाचा वेल्डर एक शब्द ऐकून लाजला आणि त्याने दार लावून घेतले. अर्थ आजवर कळलेला नाही. शब्द मात्र तिथल्या तिथे खोडला गेला. वीर स्टेशनवर त्याने एका रिक्षावाल्याला याच भाषेत पत्ता सांगितला. रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "बसा काका. बिरवाडी ना? मागच्या म्हयन्यात पन ह्येच बोलला व्हता." भाषा लोकांना कळू लागली होती. घरी येऊन शेजाऱ्याने अर्धी वही रद्द केली.

एवढ्या खटाटोपानंतर त्याचे पहिले गाणे कंपनीला पसंत पडले. पाण्याखाली गेलेल्या एका गावातल्या लोकांचे गाणे. 'भाषा संपूर्ण काल्पनिक आहे' या प्रतिज्ञापत्रावर त्याची सही तेवढी बाकी होती. आईला ऐकवायला म्हणून तो मला घेऊन कुडपणला गेला आणि अंगणात स्पीकर लावला. ध्रुवपद आले आणि म्हशी निघाल्या.

"मेल्या, ही तुज्या बापाची हाळी हाय," आई म्हणाली.

पठारावर प्रत्येक घराची हाळी वेगळी असते, म्हणून गुरे आपापल्या गोठ्यात जातात. वडील जाऊन चार वर्षे झाली होती. त्यानंतर ती हाळी कुणी घातली नव्हती.

शेजाऱ्याने उठून स्पीकर बंद केला. "चाळीत म्हशी नव्हत्या ना, भाऊ," तो मला म्हणाला. "तितंच चुकला."

भाचीने फोनवर समजूत काढली. "मामा, म्हशींची भाषा कोण धरतंय? करा सही!"

"कागदात मानसांची भाषा असा लिवलाय काय? नाय ना?"

"अहो, पण ध्रुवपदच तर सगळ्यांना आवडलंय. ते गेलं तर गाणंच जाईल."

"जाऊ दे. बापाचा शबुद हाय तो. मी बनवला असा कसा लिवू?"

त्याने खरे काय ते कळवले. कंपनीचे उत्तर दोन ओळींचे होते: ध्रुवपद बदला, नाहीतर गाणे रद्द. तीन दिवस तो कुणाशीच, कुठल्याच भाषेत बोलला नाही. चौथ्या दिवशी नवे ध्रुवपद घेऊन चाळीत फिरला. मग बिरवाडीतल्या एका गोठ्यासमोर उभा राहून त्याने ते दोनदा गायले. एकाही म्हशीने मान वर केली नाही. त्याने सही केली. गेम बाजारात आला आहे. गाणे त्यात आहे.

कापून काढलेला जुन्या ध्रुवपदाचा तुकडा अकरा सेकंदांचा आहे. म्हशींना बोलवायला सोपे जावे म्हणून त्याने तो आईच्या मोबाइलमध्ये घालून दिला. ती तो रोज लावते. लावते तेव्हा म्हशी गोठ्यातच असतात, असे त्याच्या बायकोने काल फोनवर सांगितले.