गरुडाच्या बाभळीचा पाला

गेली दोन वर्षं पाऊस नीट झालाच नाही. चितेगावच्या कंपन्यांमागं आमचा माळ. गवत संपलं, विहिरी तळाला गेल्या आणि शेरडं जगवायची ती बाभळीच्या पाल्यावर. लांब बांबूला कोयता बांधला की झाली आकडी. तिनं फांद्या तोडून खाली पाडायच्या. उन्हाळा लागेपर्यंत माळावरच्या सगळ्या बाभळी खराट्यासारख्या झाल्या. एकच भरलेली उरली, आणि तिच्या शेंड्यावर सापमार गरुडाचं घरटं होतं. घरट्यात एक पिल्लू.

त्या घरट्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं होतं. शहरातून पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई यायच्या. शेरडांमागं मी रोज तिथं असतेच, हे बघून त्यांनी मला जुनी दुर्बीण दिली. झाडाजवळ जायचं नाही, बांधावरून बघायचं. मादी पिल्लावर सावली धरून उभी आहे का, नर साप आणतो का. फोनवर बोलायची मला फार लाज वाटायची. मग आमचं ठरलं. सगळं ठीक असलं की संध्याकाळी एक मिस कॉल, काही बिघडलं की दोन. बाई म्हणाल्या होत्या, ही जोडी वर्षाला एकच अंडं घालते.

नर साप अर्धा गिळूनच यायचा. चोचीतून नुसती शेपटी लोंबायची. पिल्लू ती धरून मागं मागं सरकायचं आणि विहिरीतून दोर ओढावा तसा अख्खा साप बाहेर काढायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एकटीच हसत बसले.

एका सकाळी थोरले दीर आकडी घेऊन निघाले. "आज त्या गरुडाच्या बाभळीला हात घालतो," ते अंगणातून सासूबाईंना म्हणाले.

आमच्यात सून थोरल्या दिराशी बोलत नाही. काही सांगायचं तर सासूकडून. मी तर सासूबाईंशीही कामापुरतंच बोलायची. पण दोन मिस कॉल देऊन बाई येईपर्यंत झाडावर काही उरलं नसतं. मी चुलीपुढून उठले आणि पदर ओढून दारात आले.

"आत्याबाई, त्यांना म्हणावं, ते झाड सोडा. पिल्लू अजून उडत नाय."

दीर हातभर अंतरावर होते, पण तेही आईशीच बोलले. "तिला विचार, गरूड काय दूध देतो का?"

"दूध देतो का म्हनतोय," सासूबाई माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, जशी काही मी पैठणला उभी होते.

"साप खातो म्हणावं. गेल्या साली आपली शेरडाची पाठ साप चावूनच मेली."

"आन् शेरडं काय खातील? तुझी दुर्बीण?" आता ते आईला विसरून मलाच बोलले.

"त्या झाडाचा जेवढा पाला पाडणार, तेवढा चारा मी आणते. रोज, पिल्लू उडेपर्यंत. एक दिवस चुकले तर झाड तुमचं."

"आगं बया," सासूबाई म्हणाल्या, "हिला तोंड हाय की!"

बोलून बसले खरी, पण चारा कुठून आणायचा हे मलाच माहीत नव्हतं. शहरात मी एकटी कधी गेले नव्हते. गुलमंडीवर नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलो तेव्हाही सासूबाईंना चिकटून चालले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपनं मंडईत उतरले. फ्लॉवरचा पाला, कोबीची वरची पानं, सगळं ढिगानं पडलेलं. पण मागायचं कसं? खांबाला टेकून उभी राहिले. शेवटी एक म्हातारी भाजीवाली ओरडली, "क्या होना गे तेरेकू? कबसे खडी है!"

"पाला," मी म्हणाले.

"कितना?"

"सगळा."

ती खदखदून हसली. "ले जा. पन जागा झाडके जाना."

मग रोज मी तिची जागा झाडायची आणि पोती भरायची. जीपवाला कुरकुरायचा, "मावशी, ही मानसाची गाडी हाय, शेरडाची नाय." पोती टपावर टाकून मी मागं बसायची. दुपारी बांधावर दुर्बीण, संध्याकाळी एक मिस कॉल. एकदा मंडई बंद निघाली आणि रिकामं पोतं घेऊन परत आले. दीर माझ्यासमोरच आकडीला धार लावत बसले. मी तशीच वळले, पैठण रोडच्या रसवंत्यांवरून उसाचा चोथा गोळा केला आणि पोतं त्यांच्यासमोर रिकामं केलं. त्यांनी आकडी वळचणीला खोचली.

पंख फुटले तेव्हा वनखात्याची परवानगी घेऊन बाईंनी पिल्लाच्या पायात कडी घातली, पुढं कुठं दिसलं तर ओळखू यावं म्हणून. मग एका दुपारी वारं सुटलं. पिल्लानं पंख पसरले आणि उचललंच गेलं. विजेच्या मोठ्या खांबावर जाऊन बसलं. काही दिवस घरट्यावर येत राहिलं, नंतर यायचं थांबलं. बाईंनी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, आता घरटं रिकामं.

दुसऱ्या सकाळी आकडी मीच घेतली. खालच्या फांद्या शेरडांना पाडल्या, शेंडा ठेवला.

"वरचं काहून ठेवलं?" दीर म्हणाले. सासूबाई बाजूलाच होत्या, तरी मलाच विचारलं.

"जोडीला परत यायचंय."

या हिवाळ्यात जोडी आली. त्या झाडावर नाही, बांधापलीकडच्या बाभळीवर काड्या नेऊ लागली. ती जमीन प्लॉटिंगला गेली आहे, चुना मारलेले दगड झाडापर्यंत आलेत. काल बाईंना मिस कॉल दिला नाही, फोन लावून बोलले. उद्या त्या प्लॉटवाल्याच्या ऑफिसात जायचं आहे. पिल्लू उडेपर्यंत झाड ठेवा म्हणून सांगायचं आहे. सासूबाई म्हणाल्या, "मी येते संगं, तुझ्या वतीनं बोलाया."

म्हटलं, "या. पण बोलणार मी."