मागच्या सीटवरची सुपारी

पाचेक वर्षांपासून मी इथं लोकांचे भुताखेतांचे अनुभव वाचायला येते. पूर्वी अधूनमधून कॉमेंटही टाकायची, तीही बहुतेक लोकांचा मूड घालवायला. ‘घरातली वायरिंग तपासून घ्या’, ‘झोप नीट होते ना?’... जुन्या लोकांना आठवत असेल, ती बाई मीच. ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. मांजर आडवं गेलं तर ब्रेक दाबते, पण तो मांजर मरू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी कॉमेंट टाकणं बंद केलं. का, ते आज लिहितेय. हसायचं तर हसा, फक्त शेवटपर्यंत वाचा.

आम्ही अमरावतीचे, साईनगरात राहणारे. बाबा वकील. कोर्टात जाणं आता कमी झालंय, पण घरात उलटतपासणी चालूच असते. आम्ही तिघं भावंडं — मी अंजू थोरली, मग मंगेश, मग केतकी. मंगेशनं वकील व्हावं हे बाबांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलेलं. त्यानं एलएलबी दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि चिखलदऱ्याला कुणाच्या तरी कॉफीच्या मळ्यात कामाला जातो म्हणाला. बाबांचं आणि त्याचं दारात भांडण झालं. तो बॅग घेऊन गेला, आणि बाबांनी सांगितलं की यापुढे या घरात त्याचं नाव निघायचं नाही. आम्हीही भित्रे, खरंच नाही काढलं. वर्षभरानं मी गुपचूप चिखलदऱ्याला चौकशी केली तर तो तिथूनही निघून गेला होता... कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं.

राहिले फक्त फोन. दोन-तीन महिन्यांतून एकदा, दुपारच्या वेळी, आईच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन यायचा. पलीकडून कुणी बोलायचं नाही. आईच बोलायची. काय भाजी केली, गुडघा कसा दुखतोय, केतकीला नोकरी लागली. मिनिटभरानं फोन कटायचा. मागून तो नंबर लावला तर लागायचा नाही. कुणाचा फोन, हे आईनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. फोन वाजला की बाबा उठून अंगणात जायचे. माझं मत, अर्थात, कॉल सेंटरचे फोन असतात तसे. आईपुढे ते बोलायची माझी हिंमत नव्हती एवढंच.

असं चार वर्षं चाललं. मग केतकीला अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा येऊन तिला बघून गेला, दोघांचं जमलं, आता आम्ही त्यांच्याकडे जाऊन घर बघायचं होतं. जायचं सकाळी, यायचं संध्याकाळच्या आत.

ट्रिप प्लॅन करणं हा माझा आवडता आजार आहे. अकोला काही लांब नाही, पण मी चार दिवस आधीच ग्रुपवर टाइमटेबल टाकलं होतं. साडेसातला निघणं, मूर्तिजापूरच्या अलीकडे चहा, साडेदहाला अकोला, तीनला परत फिरणं. मला अंधारात गाडी चालवायला आवडत नाही, म्हणून परतीची वेळ ठळक अक्षरात. कोण कुठं बसणार तेही लिहिलं होतं. मी स्टिअरिंगवर, बाबा माझ्या शेजारी, मागे बापूमामा — आईचा धाकटा भाऊ — आणि माझा नवरा प्रशांत. आईचा गुडघा तेव्हा फारच धरला होता, ती येणार नव्हती. असे चार.

आदल्या संध्याकाळी प्रशांतला ऑफिसनं ट्रेनिंगला जुंपलं. राहिलो तीन. माझ्या लेखी काही बिघडलं नव्हतं, उलट मागे मामाला पाय पसरता आले असते.

सकाळी आम्ही गाडीत बसलो, तर आई लंगडत गेटपर्यंत आली. हातात स्टीलची छोटी वाटी, वाटीत हळदकुंकू लावलेली अख्खी सुपारी. तिघांनी शुभ कामाला जाऊ नये, चौथा म्हणून सुपारी तरी बरोबर घ्यावी — ही पद्धत तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. मी घड्याळ बघत होते. आईनं मागचं दार उघडलं, मामाच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर वाटी ठेवली आणि अगदी सहज, रोजच्या आवाजात म्हणाली, “मंगेश येऊन राह्यला संगं. झाले चार.”

चार वर्षांत पहिल्यांदा ते नाव आमच्या घरात निघालं होतं. बाबा समोर काचेतून बघत राहिले. मामा गडबडला आणि उगाच मोठ्यानं म्हणाला, “चल ताई, जातो आमी.”

“येतो म्हण, बापू.”

“येतो, येतो.”

“आन् हे परत आणजा. जशीच्या तशी. देवापाशी ठेवीन.”

बडनेरा मागे पडलं आणि गाडी वाजायला लागली. नवीन गाड्यांत असतं ना, मागे कुणी बेल्ट न लावता बसलं की टिंग टिंग वाजतं, तेच. मी मामाला बेल्ट लावायला सांगितलं. तो म्हणाला लावलाय. समोर दिवा बघितला तर तो डाव्या सीटचा होता... सुपारीच्या. आमची गाडी वजनावर वाजते. बॅग ठेवली तर वाजते, पण बॅगा डिकीत होत्या. सीटवर फक्त ती वाटी. मामा हसला, “लावा बेल्ट, भाचेबुवा,” असं म्हणत वाकून त्यानं वाटीवरून बेल्ट ओढला आणि खटकन लावला. वाजणं थांबलं. मग मामा आपल्या बाजूच्या दाराकडे सरकून बसला. मी मनात सेन्सर खराब असं लिहून टाकलं आणि सर्व्हिसिंगची तारीख आठवत बसले.

मूर्तिजापूरच्या अलीकडे ठरलेल्या टपरीवर थांबलो. गाडी समोरच उभी, काचा वर. आम्ही तिघं बाकावर बसलो, मी तीन चहा सांगितले. टपरीवाल्यानं चार आणले. मी म्हटलं, तीनच हवेत. त्यानं गाडीकडे मान केली.

“त्या मागच्या भाऊले नाही पायजे काय?”

मी वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. काचेवर ऊन होतं, हेडरेस्ट माणसाच्या डोक्यासारखं दिसू शकतं, हे सगळं मी तिथल्या तिथे मामाला समजावून सांगितलं. पण तो चौथा ग्लास बाबांनी परत जाऊ दिला नाही. बाकावर तसाच ठेवला. आम्ही उठलो तेव्हा त्यावर साय धरली होती.

अकोल्यात जठारपेठेत त्यांचं घर. मामानं सुपारी खिशात घातली, चौघंच आत गेलो म्हणायला. आत नाश्त्याच्या चार प्लेटा मांडलेल्या. याला कारण होतं, आधी मीच चार जण येऊ असं कळवलं होतं. माणसं साधी, मोकळी. मुलाच्या आईनं सगळं घर दाखवलं, अगदी गच्चीतली कुंड्यांमधली वांगीसुद्धा. मग बोलता बोलता तिनं बाबांना विचारलं की मुलं किती तुम्हाला.

“दोन पोरी,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मला लाज वाटली, आणि राग आला, आणि तरीही मी गप्प बसले. हे लिहून ठेवते, कारण नंतर मी सगळा दोष बाबांवर टाकला होता.

साडेबारा होऊन गेले. सगळं इतकं जमून आलं होतं की मुलाचे आजोबा म्हणाले, आजचा दिवस चांगला आहे, कशाला पुन्हा हेलपाटा, सुपारी फोडून टाकू. म्हणजे लग्न पक्कं. आमच्या प्लॅनमध्ये हे नव्हतं, त्यांच्याही नव्हतं. पानाच्या डब्यात कातरलेली सुपारी होती, अख्खी नव्हती. कुणी दुकानात जायला उठलं, तर बाबा म्हणाले, “आहे आमच्याकडे.” आणि त्यांनी मामापुढे हात केला.

मामानं खिशावर हात ठेवला. “भाऊजी, ते ताईनं परत...”

“सुपारीच त हाय. दे.”

मी मध्ये पडू शकले असते. दुकान कोपऱ्यावर होतं, दहा मिनिटं लागली असती. पण माझ्या डोक्यात तीनचं टाइमटेबल, आणि मनात तेच जे बाबांनी बोलून दाखवलं... सुपारीच तर आहे. आजोबांनी पाटावर बसून अडकित्त्यानं फोडली. सगळ्यांना तुकडे वाटले. मी केतकीला पाठवायला तबकाचा फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. वेळ बारा बेचाळीस.

परतीला गाडी वाजली नाही. मागे वाटी होती, रिकामी. मूर्तिजापूरच्या त्याच टपरीवर मी काही बोलायच्या आधीच त्यानं तीन ग्लास आणले. मामाकडे बघून म्हणाला, “संगचे भाऊ अकोल्यातच राह्यले काय?” मामानं मान हलवली. चहा कुणीच पुरता प्यायला नाही.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. आई पुढच्या खोलीत पलंगावर बसलेली, मोबाईल मांडीत. केतकीचं पक्कं झालं हे तिला फोटोवरून कळलंच होतं.

“मंगेश बोलला आज,” म्हणाली.

बाबांनी चप्पलही काढली नव्हती. तेच आधी बोलले, “काय म्हणला?”

“‘आई, जातो मी’ म्हणला. मी म्हटलं, येतो म्हण रे. त कट झाला.”

मी फोन घेतला. कॉल लॉगमध्ये अनोळखी नंबर, अकरा सेकंद. बारा बेचाळीस. मी तो नंबर तिथंच चार वेळा लावला. बंद. आईनं हात पुढं केला. माझ्याकडे नाही, बाबांकडे.

“सुपारी?”

आम्हाला खोटं बोलता आलं असतं. वाटेत बाजार लागला होता, मामानं सुचवलंही होतं की दुसरी घेऊ, ताईला काय कळतंय. बाबांनीच नको म्हटलं होतं. ते आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “फोडली. मीच.”

मला वाटलं आई ओरडेल, रडेल. तिनं माझ्या हातातली रिकामी वाटी बघितली. “घासून ठेव, अंजू,” एवढंच म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

त्यानंतर आजपर्यंत एकही फोन आलेला नाही. दोन वर्षं झाली. बाबांनी मंगेश बेपत्ता असल्याची तक्रार दिली. स्वतः टाइप केली, त्याचं पूर्ण नाव, उंची, उजव्या भुवईवरची खूण, सगळं त्यांना पाठ होतं. त्या नंबरवरून काही हाती लागलं नाही. वाईट बातमी नाही. चांगलीही नाही. बातमीच नाही.

माझ्याजवळची उत्तरं मी सगळी मांडून बघितलीत. फोन एरवीही दुपारीच यायचे, वेळ जुळणं हा योगायोग असू शकतो. ‘जातो’ हे पोरगं सहज म्हणालं असेल. किंवा फोन भलत्याचाच असेल, आणि आईनं तिला ऐकायचं तेवढं ऐकलं असेल. पण मग ऐकायचंच होतं तर ‘येतो’ नसतं का ऐकलं तिनं? टपरीवाल्याला ऊन लागलं असेल. सेन्सर मी दोनदा तपासून घेतला, दोन्ही वेळा म्हणाले ठीक आहे. एकेक वेगळं घेतलं की सगळ्याला उत्तर आहे. एकत्र घेतलं की मला झोप लागत नाही. मी तेव्हा बाबांचा हात धरला असता तर... हे मी कुणाला विचारू?

केतकी आता अकोल्यात सुखात आहे. तिच्याकडे आम्ही दोन-तीन महिन्यांतून जातो — आई, बाबा आणि मी. म्हणजे पुन्हा तिघं. आता सुपारी बाबा ठेवतात. स्वतः हळदकुंकू लावतात, मागच्या डाव्या सीटवर वाटी ठेवतात, आणि आईला ऐकू जाईल असं म्हणतात, “मंगेश हाय संगं.” ती परत आणतात, जशीच्या तशी. देवापाशी आता बऱ्याच जमल्या आहेत.

मी एकदा त्या वाटीवरून बेल्ट लावायला गेले, तर त्यांनी हात धरला. नको म्हणाले. बेल्ट लावला तर गाडी वाजणार कशी? तेव्हापासून आमच्या गाडीत गाणी लावत नाहीत. बडनेरा मागे पडलं की बाबा काच वर करतात आणि मान जराशी मागे वळवून बसतात, थेट मूर्तिजापूरपर्यंत. मी टाइमटेबलमध्ये स्पीड कमी धरते. गाडी अजून वाजलेली नाही.