स्कॅनरखालचं अक्षर

कोणतीही नवी वस्तू हातात आली की सुनंदा ती आधी उलटी करायची. मिक्सर असो, घड्याळ असो, लग्नात आहेर म्हणून आलेली इस्त्री असो. पोटावर काय छापलंय ते बोट फिरवत वाचायची आणि मगच ती वापरायला काढायची. "पुढं शोभेचं नाव असतं ताई, खरं नाव खाली," असं म्हणायची. मला हसू यायचं.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. गिरीज गावात आमची केळी-नारळाची वाडी, घरात सगळी शिकलेली माणसं. मी शाळेत संगणक शिकवते. ती खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली, बारावी झालेली. दिरानं स्वतः पसंत करून आणली. सासरी येऊन तिचं बोलणं पुष्कळ बदललं, पण 'ण' आणि 'ळ' काही तिच्या तोंडात बसले नाहीत. पाहुण्यांसमोर मी मुद्दाम टोकायचे, "पाणी म्हण गं, पाणी." ती म्हणायची, "म्हनते की!" आणि आमचे सासरे, अण्णा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. माझ्या कुठल्या बोलण्यावर ते असे हसल्याचं मला आठवत नाही.

पण घरात माझी म्हणून एक जागा होती. अण्णांची नजर अधू झाली तेव्हा मीच स्कॅनर आणला. पुस्तकाचं पान काचेवर ठेवायचं आणि पडद्यावर एकेक अक्षर पेरूएवढं करून द्यायचं. शाळेला निघण्याआधी मी त्यांच्यासाठी दहा-बारा पानं तयार करून ठेवायचे. "वसुधा आहे म्हणून मी वाचतोय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते ऐकायला मी चपला घालून दारात घुटमळत असे.

मग जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपल्याच्या सूचना येऊ लागल्या. अण्णा म्हणाले, "चाललंय ना, राहू दे." मी ऐकलं नाही. एका रविवारी नवी सिस्टिम टाकली. कॉम्प्युटर झकास सुरू झाला. स्कॅनरचा दिवाही लागला, पण कॉम्प्युटर त्याला ओळखेना. दोघांची गाठ घालून देणारा ड्रायव्हर नव्या सिस्टिमवर चालत नव्हता. मी इंटरनेटवरून एक उतरवला, दुसरा उतरवला, चार उतरवले. दर वेळी तेच: उपकरण सापडले नाही. शाळेत कुणाला विचारायचं तर तिथेही जाणकार मीच. "नवीन स्कॅनर घेऊ," मी म्हणाले. अण्णा म्हणाले, "आधीचा तर चांगला होता." त्यानंतर पंधरा दिवस ते पडवीत मांडीवर मिटलेलं पुस्तक घेऊन बसून राहिले.

एका दुपारी मी शाळेतून आले तर सुनंदा स्कॅनर उलटा करून ओढणीनं पुसत होती.

"ताई, तुम्ही कोनता नंबर टाकलेला?"

मी पुढच्या बाजूवरचा मॉडेल नंबर सांगितला; ड्रायव्हर मी त्याच नंबरानं शोधले होते.

"खाली त्याच्यापुढं अजून एक अक्षर हाय. तो वेगला म्हने."

तिनं कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला होता. तिथे काही जमलं नाही म्हणून नालासोपाऱ्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला गाठलं होतं. "मी सरल सांगितलं त्याला, भाऊ, मला यातलं काय येत नाय, पहिल्यापासून सांग." त्यानं सांगितलेलं तिनं कॅलेंडरच्या पानामागे लिहून घेतलं होतं: आधी वायर काढा. जुन्या सिस्टिमचा ड्रायव्हर, अक्षरासकट नंबर बघून, उतरवा. जुन्या सिस्टिमसारखा चालव असं त्याला सांगा. मागेल तेव्हाच वायर लावा.

वाचतानाच मला कळलं, हे बरोबर आहे.

"कॉम्प्युटर पासवर्ड मागतो ताई. तुमचा."

"बदललाय मी. आत्ता आठवत नाही," मी म्हणाले.

संगणक शिकवणारी बाई हे सांगत होती. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. पुढचे दोन दिवस मी पासवर्ड आठवायचं सोंग केलं आणि अण्णा पडवीत तसेच बसून राहिले. मला ते दिसत होते. तरीही तिच्या हातून ते यंत्र सुरू व्हावं, हे मला सहन होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं कॅलेंडरचं पान माझ्या हातात दिलं. "तुम्हीच करा ताई. मी वाडीत जाते, केलीला पानी सोडायचंय." आणि गेली.

वीस मिनिटांत स्कॅनर गुरगुरला. अण्णा भिंत धरत आत आले, पडद्याला नाक लावून बसले आणि वाचता वाचता रडू लागले. "वसुधा, तू आहेस म्हणून," ते म्हणाले. मी पुढचं पान काचेवर ठेवलं. संध्याकाळी जेवताना त्यांनी ते पुन्हा सांगितलं. सुनंदा भाकरी वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान तिच्यावर रागावता आलं असतं.

पुढच्या वर्षी दिराची वापीला बदली झाली. सामानाचा टेम्पो त्या दोघांना घेऊन वळणावर दिसेनासा झाला आणि मला काय झालं कोण जाणे, मी अण्णांना सगळं सांगून टाकलं. कागद, नालासोपाऱ्याचा माणूस, पासवर्ड, ते दोन दिवस. अण्णा भिंत धरत आत गेले, खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तिला फोन लाव."

"तू बोलली का नाहीस गं?" त्यांनी विचारलं.

"अन्ना, तुम्हाला वाचायला मिललं ना? झालं तर मग."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि उठून बाहेर गेले. अण्णा गेले का, हे सुनंदानं आधी विचारून घेतलं. मागे टेम्पोचा खडखडाट ऐकू येत होता.

"कशाला सांगितलंत ताई?" ती हळूच म्हणाली. "मी तर आता लांब चालले. तुम्हाला रोज त्यांच्यासमोर बसायचं हाय."

माझ्या मनात ते आलंच नव्हतं. तिच्या आलं होतं. फोन कानाला धरून मी उभी राहिले, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला.