सनई सोडलेला बाबाराव

बाबारावला दम होता. पैलवानाचा नव्हे हो, सनईचा. एकदा सनईची पत्ती ओठाला लागली की गडी श्वास केव्हा घेतो ते समोर बसलेल्याला कळायचं नाही. पांढरकवड्याहून हैदराबादच्या सडकेने निघालं की आतल्या अंगाला पिंपळशेंडा नावाचं गाव लागायचं. त्या गावातलं एकही लग्न बाबारावच्या, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाच्या, सनईशिवाय लागलं नव्हतं. वाजवायचं, गोठ्यापाशी बसायचं, सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं खायचं, आणि मान म्हणून पाटलाने वरून टाकलेला नारळ धोतराच्या सोग्यात झेलायचा. महारवाड्याच्या वाट्याला जन्मानेच आलेलं काम ते. तुला आवडतं का, असं कोणी विचारत नसे. बाबारावला ते आवडत होतं, तिथेच सगळा घोटाळा झाला.

छप्पन सालच्या दसऱ्याला सगळा वाडा पांढरी वस्त्रं नेसून नागपूरला गेला. बाबाराव गेला, त्याची बायको पंचफुला गेली. जयजयकारात तर पंचफुलाचा आवाज नवऱ्यापेक्षा मोठा! माणसं बौद्ध होऊन परत आली ती वेगळीच चालू लागली. समाजाची बैठक बसली आणि ठरलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, उष्टं आणायचं नाही, गावापुढे वाजवायचं नाही. दुसऱ्या दिवशी डफडी आणि सनया एका जागी रचून पेटवल्या. बाबारावने आपली सनई स्वतःच्या हाताने त्यात टाकली. कोणी जबरदस्ती केली नाही, हे नीट ऐकून ठेवा, कारण मागाहून लोकांनी काहीबाही उठवलं. त्याला मनापासून पटलं होतं. फक्त माणसं हसत-बोलत घरी गेली तेव्हा हा विहिरीमागे जाऊन बसला आणि ढसाढसा रडला. त्या रडण्यात त्याच्यासोबत कोणी नव्हतं, आणि असावं कसं? सगळा वाडा सुटल्याच्या आनंदात होता. अशा वेळी आपलं दुःख कोणाला सांगायचं?

बरं, रडून पोट भरत नाही. गावाने राग धरला, शेतावर बोलावणं बंद झालं. बाबाराव कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, तर उडणाऱ्या तुसाने छाती भरली. राजूरच्या कोळशाच्या खाणीत गेला, तिथला अंधार सोसला नाही, पळून आला. मग पांढरकवड्याला ट्रकवर पोती चढवू लागला. पाठ मोडायची, पण कामात जीव म्हणून नव्हता. त्याला काय पाहिजे होतं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. दमावर पोट भरावं, आणि आपल्या माणसांत मान खाली घालावी लागू नये. दोन्ही एकदम. आता एवढं मागणं म्हणजे फार झालं का? पण मिळेना, हे खरं.

ट्रक थांबायचे त्या जागेला लागूनच शब्बीरभाईचं दुकान होतं. ट्रकच्या गाद्या शिवायचा आणि लग्नसराईत बँड चालवायचा. एका दुपारी दुकानात तालीम चालली होती. क्लॅरिनेटवाल्याचा सूर मध्येच तुटत होता. बाहेर पोत्यावर बसलेल्या बाबारावला राहवलं नाही, फिस्सकन हसू आलं.

शब्बीर सुईदोरा हातात घेऊनच बाहेर आला. "हसून काय राह्यला बे? ये, तूच फुंकून दाखव."

बाबारावने फुंकलं. आधी नुसती किंकाळी निघाली, सगळे हसले. मग बोटांना वाट सापडली. शब्बीर सुई खाली ठेवून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "या अल्ला! आणि तू पोते उचलून राह्यला?"

बाबाराव गावी आला तो पंचफुलाला सांगायच्या घाईनेच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग हे तेच काम नोहे का?"

"तेच कसं? तिथं लाल कोट राह्यते, पितळेच्या गुंड्याचा. मारवाड्याचं लगन राहो का मोमिनाचं, ठरवून जायाचं, रोख घ्यायाचं. जन्माचं काम नाई ते, हुनराचं हाय."

"बसवतेत कुठं?"

"बाकावर. सगळ्यायसंगं."

तिने बराच वेळ चुलीतली लाकडं मागेपुढे केली. "मंग करा," म्हणाली. पण वाड्यातल्या कोणाला तिने ते सांगितलं नाही.

ती दोन-तीन वर्षं बाबारावची खरी वर्षं. पांढरकवडा, वणी, महागाव, कुठे कुठे फिरला. लोक त्याला पुन्हा पुन्हा वाजवायला लावायचे. तो शब्बीरच्या दुकानामागच्या खोलीत एकटाच राहायचा, स्वतःच भाकरी थापायचा, आणि भाकरी करपली तरी गुणगुणत खायचा.

एकसष्ट सालच्या वैशाखात पिंपळशेंड्याची सुपारी आली. पाटलाच्या मुलीचं लग्न. शब्बीर शहाणा माणूस, तो आपणहून म्हणाला, "तू राहू दे. या लग्नाला मी दुसरा गडी नेतो."

"काहून? मले लाज हाय का कोणाची? पाहू द्या न गावाले!"

आणि गावाने पाहिलं. मारोतीच्या पारापासून वरात निघाली, पुढे बाबाराव. लाल कोट, इस्त्रीची विजार, तेल लावून बसवलेले केस. ओळखीची माणसं कोपराने एकमेकांना ढोसत होती. वाड्यातली माणसंही रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली होती, त्यात पंचफुला; वरातीमागून ती मांडवापर्यंत आली. त्या दिवशी तो जसा वाजला तसा जन्मात वाजला नव्हता. मांडवाच्या दारी तर वऱ्हाडी खाली बसायचं विसरले. ज्या दारात बापाने गोठ्याकडे तोंड करून वाजवलं, त्याच दारात आपण मधोमध उभे आहोत, हे त्याच्या बोटाबोटांत उतरलं होतं.

वाजवणं थांबलं. पाटील म्हातारे झाले होते, डोळे भरून आले होते. हातात नारळ आणि दुपट्टा घेऊन ते मांडवातून चालत पुढे आले.

"बाबाराव," ते म्हणाले. जन्मभर 'बाब्या' म्हणणारा माणूस बाबाराव म्हणाला! "लय गोड वाजवलं. घे." आणि त्यांनी नारळाचा हात पुढे केला. हातात द्यायला.

आणि बाबाराव दोन पावलं मागे सरला. कमरेत वाकला, आणि दोन्ही हातांनी लाल कोटाचा घोळ पसरून उभा राहिला.

कोणी सांगितलं होतं का त्याला? कोणी नाही. डोक्याला कळायच्या आत अंगाने करून टाकलं. पाटलांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनाही ते सवयीचंच वाटलं असेल, त्यांनी नारळ वरून सोडला. तो बरोब्बर घोळात पडला.  वाड्यातले एक-दोघे माघारी वळले. बाबारावने मान वर केली तेव्हा पंचफुला सरळ त्याच्याकडे बघत होती.

बँडवाले जेवायला बसले, बाकावर, सगळ्यांसोबत. बाबाराव उठून घरी आला. पंचफुलाने पाणी दिलं, ताट वाढलं. तो दोन घास खाऊन थांबला.

"पाटील हातात देत होते," ती म्हणाली.

"हाव."

"मंग मांगं काहून सरकले?"

त्याने खूप शोधलं. पाटलाला शिव्या द्याव्यात तर पाटलाची चूक नव्हती. बापाला बोल लावावा तर बाप मेलेला. "मले नाई मालूम," तो म्हणाला.

ती रडू लागली. "वाजवलं मात्र असं का, म्या भितीमांगं जाऊन आयकलं. डोये भरले ते कोणाले दिसू नये म्हून. असं वाजवणारा माणूस, आन् कोट पसरून उभा राह्यते! आता वाड्यात काय सांगू म्या?"

 नवराबायको एका घरात दोन भिंतींना टेकून बसून राहिली. बाबारावला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, सनई जळाली त्या दिवशीही नाही.

पांढरकवड्याला आल्यावर त्याने कोट घडी घालून शब्बीरच्या गादीवर ठेवला आणि राजूरची गाडी धरली. त्याच खाणीत, जिथून पळून आला होता. आता अंधाराचं भय वाटेना. सोबतचे गडी छत्तीसगढकडचे, त्यांची बोली याला कळेना, याची त्यांना कळेना, ते बरंच होतं. पंचफुलाला गावात पुन्हा शेताची कामं मिळू लागली होती, तिचा हात त्यात गुंतलेला. ती आली तर वैशाखी पुनवेला यायची, चटणी-लोणचं ठेवायची, जायची. वाजवण्याचा विषय दोघंही काढत नसत.

वर्षभराने शब्बीर शोधत राजूरला आला. अंगभर काळा झालेला बाबाराव त्याला आधी ओळखूच आला नाही. चहाच्या टपरीवर बसवून त्याने खूप समजावलं. "खेड्यात नाही नेणार तुले, कसम से. शहरातले लगन कर फकस्त. अरे, चुकून मागं सरकला, त्याची येवढी सजा?"

"वाजवणं मले येते, शब्बीरभाई. वाजवणं झाल्यावर उभं कसं राहा लागते ते नाई येत. पुन्हा कोणी हात पुढं केला, आन् पुन्हा सरकलो तं? इथं बरं हाय. इथं सारेच वाकून चालते."

शब्बीरने कप बाजूला सारला. चहा थंड झाला होता. मग हळूच म्हणाला, "आठवण नाही येत?"

"रोज येते," बाबाराव म्हणाला, आणि टोपलं उचलून पाळीवर गेला.