झोतातली उजळ गाठ

"अगं आई, ते भोक नुसतं गिळत नाही. गिळता गिळता बाहेर फेकतंही. तान्हं पोर दूध फेकतं तसं."

"मग पुसतं कोण?"

"मीच की! दुसरं काय करते मी इथं?"

आई फोनवर हसली, पण मुद्दा सोडला नाही. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन. येतेस ना? लेक म्हणाली, येते. आज संशोधनाचा लेख गेला की सुटले.

हापिसात तिला झोतबाई म्हणतात. लांबच्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर झोत फेकतं, त्यातले क्ष-किरण दुर्बीण टिपते. त्या चित्रांतला केरकचरा झोतबाई काढते. पाठीशी उशी, डोळ्यांत चुरचुर, चहा गारढोण.

झोतात उजळ गाठी असतात. तिथले इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्रात गरगरत क्ष-किरण सोडतात. जो जास्त पळतो, तो आधी दमतो. मग इतक्या लांबवर ते ताजेतवाने कसे? तिथंच कुणीतरी नव्यानं रेटा देतंय. झोतबाईच्या गाठीचे किरण तर भलतेच तिखट, जास्त ऊर्जेचे, म्हणजे रेटाही भलताच. लेख त्याच्यावरच उभा.

शेवटचं चित्र बघताना तिचा हात थांबला. गाठ ऐन मध्यावर पोकळ दिसत होती.

दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची खोड तिला पाठ होती. एकच चित्र टिपताना दोन किरण एकाच जागी पडले की तो त्यांना एकच धरतो, दुप्पट तिखट. काही तर टाकूनच देतो. ही तपासणी सगळे विवराजवळच्या झगझगीत केंद्रापुरती करतात. गाठी मंद, त्यांना कोण बघतं? ही गाठ मात्र चित्र टिपलं त्या वर्षी भडकली होती. तिखटपणा गाठीचा नसून कॅमेऱ्याचाच असेल, तर लेखच कोसळतो.

तिनं चित्र दाखवलं तसा तिच्या विभागाच्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, पाठवून टाका. कोण एवढं बघतंय?"

"मी बघितलं ना सर. आता काय डोळे मिटू?"

"अन् सुट्टी?"

बाहेर जिन्यात जाऊन तिनं फोन लावला.

"आई, सोमवारी मावशीला घेऊन जा. माझं काम चुकलंय."

"मावशी वाटभर बडबडते. डॉक्टर डोळा सोडून आधी कानच बघतील माझे."

"पट्टी सोडायला येते मी."

"येशील तेव्हा खरं," म्हणून आईनं फोन ठेवला.

झोतबाई जागेवर आली. त्याच गाठीची भराभर टिपलेली, दोन किरण एका जागी पडायला वेळच न देणारी जुनी चित्रं तिनं उघडली अन् पहिल्यापासून साफ करायला घेतली.