चंपतचं लाल वायरिंग

नेहरू नगरातल्या घराचं वायरिंग चंपतने स्वतः केलं होतं, न्हाणीतल्या टाइल्सही. पाहुण्याला हे चहाच्या आधी ऐकावं लागे. कारखान्याच्या प्लांटमध्ये तो यंत्रांचा फिटर. विजेचं काम त्याने दुसऱ्यांना करताना पाहिलं होतं, तेवढं त्याला पुरलं. घरभर एकच लाल वायर. लाल वायर दमदार असते, असं त्याचं मत.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्याची बायको कमला न्हाणीतल्या एकुलत्या बल्बच्या अंधुक उजेडात घसरली. तिने पिशवीच भरली. "न्हाणीत आरशावर अन् दारावर आज लाइट लागले तर ठीक. नाईतर मी पोरीकडे पद्मनाभपूरले राहीन. पोळ्या तुमी लाटा."

"बाबा, इलेक्ट्रिशियन को बुला लेते हैं ना," सून पायल म्हणाली.

"कावून? घराचा नकाशा माह्या डोक्यात हाय."

प्लांटमध्ये कामाआधी शटडाउन घेतात, म्हणजे वीज तोडतात, बंद स्विचवर पाटी लावतात. लावणाऱ्याशिवाय ती कोणी काढत नाही. चंपतने मेन बोर्डातला न्हाणीचा स्विच खाली पाडला, पुठ्ठ्याची पाटी लटकवली आणि स्टुलावर चढून बल्बच्या होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग हॉलचा स्विच पाडला, बेडरूमचा पाडला, पाट्या लटकवल्या. टेस्टर पेटतच राहिला. मे महिन्यात सगळे पंखे बंद. घामाघूम होऊन त्याने टेस्टरच्या कंपनीला शिव्या दिल्या. एवढं खरं, की टेस्टर लावल्याशिवाय त्याने वायरला हात लावला नाही. प्लांटने तेवढं तरी शिकवलं होतं.

"किचन पाडा," पिशवी घेऊन दारात उभी कमला म्हणाली.

"किचनचा काय संबंध?"

"मिक्सर लावला का न्हाणीतला बल्ब मंद होते. घर बांधलं तवापासून पाहून राहिली मी."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"तुमचं बोलणं सरलं कवा?"

किचन पडलं. टेस्टर विझला. चंपतने आरशामागची वायर झाकणारी पट्टी उघडली. भिंतीपलीकडच्या किचनच्या बोर्डातून वायर सरळ इकडे आली होती. वायरचं बंडल संपत आलं म्हणून त्यानेच जवळचा रस्ता धरला होता. वायरीत दम होता, लांबी नव्हती.

"कोन्या गाढवानं जोडलं हे?" तो पुटपुटला.

मग मात्र तो नीट कामाला लागला. न्हाणीची वायर किचनपासून तोडली, तिच्या स्वतःच्या स्विचवर नेली, प्रत्येक जोड ओढून पाहिला. संध्याकाळी दोन्ही लाइट लागले. कमलाने पिशवी खाली ठेवली, आत गेली, भिंतीवरून हात फिरवला.

"अवो, ह्या टाइल्स वाकड्या हायेत. कोनं बसवल्या?"

चंपत उरलेल्या पाट्या काढायला निघून गेला.